नताशाचं तेरावं कुणी घातलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' या चित्रपटातील कै. नताशा रोमानोफ यांच्या अंत्यविधीबाबत.
संदर्भ : आपल्या दि. ५ मे २०१९ च्या रविवार पुरवणीतील परीक्षण.

विषय वाचून हसू आलं असेल तर येऊ द्या. एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं लिपिक आहे. विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही.

तर आपलं परीक्षण. साडेतीन कॉलम. त्यातले दोन टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅनवर, एक कॅप्टन अमेरिकावर, उरलेल्या अर्ध्यात थॉरचं सुटलेलं पोट आणि पहिल्या दिवसाचे ५३ कोटी. (टोनी जातो हे तुम्ही छापून मोकळे झालात. दिग्दर्शक रुसो बंधूंनी गोष्ट फोडायला परवानगी दिली ती सोमवारी, ६ तारखेला. तुमचा अंक रविवारचा. माझ्या मुलीने दहा दिवस माझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि घरी येणाऱ्या पेपरनेच माती खाल्ली.) पण माझी तक्रार ती नाही. नताशाच्या, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स या महानायकांच्या चमूतल्या हेर बाईच्या, वाट्याला आपल्या परीक्षणात एक वाक्य आलं : 'नताशाच्या बलिदानानंतर कथा वेग घेते.' एवढंच. बाई कड्यावरून खाली गेली आणि कथेने वेग घेतला. हे वाक्य मी सोमवारी, मंगळवारी आणि आज बुधवारी वाचलं, आणि आज लिहायला बसले.

मी या सिनेमांची चाहती कशी झाले ते सांगते, नाहीतर आपल्याला वाटेल कोणीतरी रिकामटेकडी बाई आहे. २०१२ साली पहिला 'अ‍ॅव्हेंजर्स' आला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. मिस्टर रेल्वेत लोको पायलट, सुटीच्या दिवशी घरी असतीलच याचा भरवसा नाही. ऊन डोक्यावर घेऊन मुलीला कुठे न्यायचं, तर थिएटरात, तिथे एसी असतो. मी पिशवीत मुगाचे लाडू आणि पाण्याची बाटली घेऊन गेले होते, अर्धा वेळ झोप काढायच्या तयारीने. सुरुवातीलाच एक बाई खुर्चीला बांधलेली दिसली, समोर तीन गुंड. म्हटलं, आता येईल कोणीतरी सोडवायला. तेवढ्यात फोन वाजला, तिच्या साहेबाचा. ती त्याच्यावरच वैतागली, की अहो, मी कामात आहे, हे लोक मला सगळं सांगताहेत. मग नाइलाज झाल्यासारखी उठली, खुर्चीसकट त्या तिघांना लोळवलं, सँडल हातात घेतल्या आणि चालू लागली. माझी झोप उडाली ती आजतागायत. भर कामात साहेबाचा फोन येणं म्हणजे काय, हे मला त्या सिनेमातल्या हातोड्यापेक्षा आणि हिरव्या राक्षसापेक्षा जास्त कळत होतं.

पुढे मुलीने मागचे सगळे दाखवले. ही बाई, म्हणजे नताशा, पडद्यावर पहिल्यांदा आली २०१०च्या 'आयर्न मॅन २'मध्ये, आणि आली कशी, तर टोनीच्या कंपनीच्या कायदा विभागातली कर्मचारी बनून, कागदांवर त्याचा अंगठा घ्यायला. साहेब बॉक्सिंग खेळताहेत आणि ही फाइल धरून उभी. मी मुलीला म्हटलं, ही आमच्यातली आहे. २००८ साली 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मालिकेतला 'एंडगेम' हा बाविसावा सिनेमा. आम्ही मायलेकींनी त्यातले एकोणीस पाहिलेत. राहिलेल्या तिनांची गोष्ट तिने मला पोळ्या करताना तोंडी सांगितली आहे.

गेल्या वर्षी 'इन्फिनिटी वॉर' बघून आलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखं होतं. खलनायक थॅनोसने चुटकी वाजवली, निम्मी जीवसृष्टी राख झाली, आणि दिग्दर्शकांनी आम्हाला सांगितलं, बाकीचं पुढच्या वर्षी. वर्षभर मुलगी हिशोब मांडत होती, कोण परत येणार, कोण नाही. वहीच्या मागच्या पानावर नावं, पुढे बरोबर-चूकच्या खुणा. मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा होती. भूमितीच्या वहीतही मागे हीच यादी. नताशापुढे बरोबरची खूण होती, पेनाने. म्हणजे खात्री.

यंदा मला निवडणुकीची ड्युटी लागली. २३ एप्रिलला आमच्याकडे मतदान. आदल्या दिवशी साहित्य घ्यायला रांग, मुक्काम केंद्रावर, रात्री यंत्रं जमा करून घरी पोचायला दोन वाजले. शुक्रवारी, २६ला, सिनेमा. १ मेला निकाल वाटायचे, म्हणजे गुणपत्रकांचे गठ्ठे टेबलावर आणि वर्गशिक्षक डोक्यावर. तरी मी अर्जित रजा टाकली, कारण लिहिलं 'घरगुती'. भुसावळहून सकाळच्या गाडीने जळगाव, स्टेशनवरून रिक्षा. बोटाला शाई तशीच. थिएटरात निम्म्या हातांना ती शाई होती, अंधार व्हायच्या आधी पॉपकॉर्नच्या डब्यांवर तेवढीच दिसत होती.

तीन तास एक मिनिट. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आवडलं ते आधी सांगून टाकते, कारण मी शिव्या द्यायला बसलेली नाही. कॅप्टन अमेरिकाच्या हातात थॉरचा हातोडा आला तेव्हा जी काही शिट्टी पडली, त्यात एक माझीही होती. लहानपणी मामाच्या गावी शिकले होते, इतक्या वर्षांनी वाजली. सोनेरी वर्तुळं उघडून सगळे गेलेले परत येतात तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा 'आले रे आले' म्हणून खुर्चीवर चढला, आणि खाली बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. टोनी काळात मागे, १९७०मध्ये जाऊन आपल्या बापाला भेटतो आणि बापाला ठाऊक नसतं की समोर आपलाच पोरगा उभा आहे, तिथे मी पदर तोंडाला लावला. स्टॅन ली म्हातारबा गाडी हाकत जाताना दिसले. गेल्या नोव्हेंबरमध्ये वारले ते. मुलीने हात जोडले. शेवटच्या पाट्या संपल्यावर नुसता लोखंडावर घाव घातल्याचा आवाज येतो. तो पहिल्या सिनेमातला आहे, गुहेत बसून भंगारातून चिलखत ठोकतानाचा, असं मुलगी म्हणाली. झाडूवाले आत आले तरी आम्ही तो ऐकत उभ्या होतो.

हा सिनेमा तमिळमध्ये आहे, तेलुगूमध्ये आहे, हिंदीत तर आहेच. मराठीत नाही. त्या हिरव्या हल्कने एकदा तरी आपल्या भाषेत खेकसावं अशी माझी फार इच्छा आहे. पण तो विषय वेगळा, त्याला वेगळं पत्र लागेल.

आता नताशा.

चुटकीनंतर पाच वर्षं गेलेली आहेत. टोनी तळ्याकाठी घर बांधून बायकोमुलीबरोबर सुखात आहे. थॉर बिअर पीत बसलाय. तिचा जुना साथीदार क्लिंट तलवार घेऊन माणसं मारत फिरतोय. कॅप्टन दुःखी लोकांना गोल बसवून धीर देतोय. आणि मुख्यालयात कोण आहे? ही एकटी. टेबलावर पाय, हातात पीनट बटर लावलेला ब्रेड, आणि समोर एकेकाच्या निळ्या आकृत्या. कोणी अंतराळातून, कोणी वाकांडा देशातून. ती सगळ्यांचे अहवाल घेते. कोणी सांगतं समुद्राखाली भूकंप झाला, कोणी आणखी काही. कोणाचं काम अडलं, कोणाला काय हवं, पुढचा फोन कधी. सगळे बोलून निघून जातात. तिचे केस बघितलेत का तुम्ही? मागच्या सिनेमात तिने सोनेरी रंगवले होते. आता मुळापासून लाल वाढलेत आणि टोकाला तेवढा जुना पिवळा राहिलाय. म्हणजे पाच वर्षांत बाईला आरशासमोर उभं राहायला सवड झालेली नाही. ज्याने कोणी तो रंग ठरवला त्याला माझा नमस्कार. मग क्लिंटबद्दल ऐकून तिचे डोळे भरतात, तेवढ्यात कॅप्टन येतो, आणि ती डोळे पुसायच्या आधी त्याला विचारते, कपडे धुवायला आलास का?

जग संपलंय, कोणी विचारत नाही, आणि एक बाई ऑफिस उघडं ठेवून बसली आहे. टोनीला परत यायला, क्लिंटला परत यायला, थॉरला ओढून आणायला जागा होती, कारण तिने तिथला दिवा मालवला नव्हता.

नंतर वोर्मिर नावाचा ग्रह. गेलेल्यांना परत आणायला सहा मणी जमवायचे, त्यातला आत्म्याचा मणी हवा तर जीव द्यायचा, आपल्या प्रिय माणसाचा. ती आणि क्लिंट दोघंही मरायला धावतात, एकमेकांना मागे ओढत. शेवटी तो तिचं मनगट धरून कड्याला लोंबकळतोय. ती सांगते, सोड. तो सोडत नाही. मग तिने खडकावर पाय रोवून स्वतःला झटका दिला. थिएटरात शिट्ट्या नाहीत, काही नाही. माझ्या मुलीने माझ्या दंडावर नखं रुतवली होती, त्याच्या चार खुणा सोमवारपर्यंत होत्या.

त्यानंतर तळ्याकाठी पाच पुरुष उभे. टोनी विचारतो, तिला घरचं कोणी होतं का? कॅप्टन म्हणतो, होतं की, आपण. हल्कने बाक उचलून पाण्यात भिरकावला. झालं. दोन-तीन मिनिटं. आणि मंडळी मणी बसवायच्या कामाला लागली. तुमच्या भाषेत, कथेने वेग घेतला.

मी समजून घेतलं. युद्ध तोंडावर आहे, रडायला वेळ नाही. नंतर करतील म्हटलं. हल्कने सगळ्यांना परत आणताना तिलाही आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हेही पाहिलं. मग युद्ध झालं, टोनीने चुटकी वाजवली आणि गेला. त्याचा अंत्यविधी दाखवलाय. तळ्याच्या पाण्यावर फुलांचं कडं, त्यात त्याच्या छातीतलं ते पहिलं यंत्र, आणि काठावर काळ्या कपड्यांत रांगच्या रांग. कॅमेरा एकेका तोंडावरून जातो. अकरा वर्षांतला प्रत्येक जण आहे, अगदी तिसऱ्या 'आयर्न मॅन'मधला तो लहानगा पोरगाही मोठा होऊन उभा. रडले मी. टोनीबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्याला सगळं मिळायलाच हवं होतं. मी फक्त वाट बघत होते की आता कॅमेरा दुसरीकडे वळेल. एक फोटो, एक फूल, तिची ती काळी जॅकेट, काहीतरी. नाही. शेवटी क्लिंट आणि त्यांच्यातलीच वांडा बोलतात, की तिला कळायला हवं होतं आपण जिंकलो. एवढं एक वाक्य तिच्या पदरात.

आणि युद्धाच्या मध्येच ते दृश्य आहे, सगळ्या बायका एका ओळीत येऊन उभ्या राहतात. आसपासच्या मुली जोरात ओरडल्या. माझीने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कानात म्हणाली, "मम्मी, यांच्यात ती नाहीये." मूळ सहा जणांत एकच बाई होती, आणि बायकांची रांग लागली तेव्हा ती तेवढी गैरहजर. हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. लक्षात आलं असेल आणि चाललं असेल.

पटकथा लिहिणाऱ्या दोघांनी मुलाखतीत याचं उत्तर दिलंय म्हणे, मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं. टोनी जगजाहीर माणूस होता, नताशा आयुष्यभर पडद्याआड राहिली, तेव्हा तिचा अंत्यविधी दाखवणं तिच्या स्वभावाला धरून झालं नसतं. अहो, मोठा जाहीर विधी नको ना, कोणी मागितलाय? पडद्याआडचाच दाखवा. पाच जण बसून तिच्या नावाने पीनट बटरचा ब्रेड खातात, एवढं चाललं असतं. तिच्या नावाचा वेगळा सिनेमा येणार अशी बोलवा आहे. येऊ दे, पहिल्या दिवशी जाऊ. पण मेलेल्या माणसाचं तेरावं पुढच्या तिकिटावर टाकता येत नाही.

इतकं का लागलं, तेही लिहिते.

आमच्या कार्यालयात एक बाई होत्या. मी लागले तेव्हा त्या मुख्य लिपिक होत्या. मला जनरल रजिस्टर कसं लिहायचं ते त्यांनी शिकवलं. जन्मतारीख अक्षरी लिहिताना खाडाखोड झाली तर पोराचं आयुष्यभर नडतं, हे त्यांचं वाक्य. पगारबिलं हाताने होती तेव्हा हाताने, 'शालार्थ' आलं तेव्हा पन्नाशीत संगणक शिकून. 'सरल'ची साइट दिवसा चालायची नाही, तर रात्री अकराला घरून बसून मुलांची माहिती भरायच्या. तीस वर्षांत मुख्याध्यापक सात बदलले, त्या तिथेच. लग्न केलं नव्हतं. मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेल्या, निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्याच महिन्यात आमच्या संस्थेचे एक ज्येष्ठ पदाधिकारीही वारले. त्यांच्यासाठी शाळेला सुटी, सभागृहात हार घातलेली मोठी तसबीर, बाराशे मुलं रांगेत, भाषणं. ते योग्यच होतं, माणूस मोठा होता. बाईंच्या वेळी महिनाअखेर होती. शोकसभा सोमवारी घेऊ असं ठरलं, सोमवारी तपासणी पथक आलं, मग परीक्षा आल्या. राहूनच गेली.

त्या दिवशी मी काय करत होते? पगारबिल. त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांच्याच पासवर्डने. कोणीतरी विचारलं होतं, बाईंना मागे कोणी आहे का हो? मी म्हटलं, नाही बहुतेक, एक भाचा आहे सुरतेला. आणि पुढच्या ओळीवर गेले. तळ्याकाठी टोनीने तोच प्रश्न विचारला तेव्हा कॅप्टनने दिलेलं उत्तर मला का सुचलं नाही, हे मला त्या एसी थिएटरात कळेना. मुलीला वाटलं मी नताशासाठी रडतेय. तिने रुमाल दिला.

काल अक्षय तृतीया झाली. खानदेशात आखाजी म्हणजे नुसती सोनं घ्यायची नसते, गेलेल्यांना पाणी पाजायची असते. सासूबाईंनी कुंभाराकडून घागर आणली, पाणी भरलं, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे आता आगारी मी टाकते. निखाऱ्यावर तूप सोडलं, सासऱ्यांच्या नावाने घास टाकला, त्यांच्या आईच्या, धाकट्या दिरांच्या. मग आणखी एक टाकला. सासूबाईंचं लक्ष असतंच.

"हा कोनाचा वं?"

मी म्हटलं, "ऑफिसातल्या बाईंचा. त्यांना कोणी नव्हतं."

त्या काही बोलल्या नाहीत, तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. मागून मुलगी म्हणाली, "अजून एक टाक. नताशाचा."

"ती कोन?"

"तीपण ऑफिसातलीच, आजी."

"मंग टाक," सासूबाई म्हणाल्या.

आपली,
एक लिपिक, भुसावळ
दि. ८ मे २०१९

ता. क. : पत्र छापलंत तर नाव घालू नका. शाळेत आपलाच पेपर येतो.